चार दिवस, फार तर पाच

बाथरूमच्या लाद्या बदलायला किती दिवस लागतील, असं विचारलं की मिस्त्री आधी छताकडे बघतो. वास्तविक काम जमिनीचं असतं. मग तो बोटाने भिंतीवर टकटक करतो, 'आतून पोकळ वाटतंय' असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटतो आणि आकडा सांगतो : 'चार दिवस. फार तर पाच.' घरातल्यांचा चेहरा खुलतो, चहा टाकला जातो. पाचव्या दिवशी बाथरूममध्ये असतात एक खड्डा, सिमेंटची अर्धी गोणी आणि भिंतीतून डोकावणारा गंजका पाइप. या घटनेची उपपत्ती आपल्याकडे दोन प्रकारे लावली जाते. एका पक्षाच्या मते मिस्त्री खोटं बोलतो, दुसऱ्या पक्षाच्या मते त्याला हिशेब येत नाही. हे दोन्ही पक्ष मला मान्य नाहीत. माझं म्हणणं असं की खरा आकडा त्या खोलीत कुणालाच नको असतो. चार हा आकडा मिस्त्रीच्या तोंडून बाहेर पडतो खरा, पण तो तयार करण्यात आपला हात निम्म्याहून जास्त असतो.

हे दुखणं केवळ आपलंच आहे, परदेशात सगळं वेळच्या वेळी होतं, असं मानणाऱ्यांची आधी समजूत काढायला हवी. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये या दुखण्याला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. 1994 मध्ये काही संशोधकांनी प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांनाच विचारलं की बाबांनो, कधी संपेल? उत्तरांची सरासरी आली 33.9 दिवस. मग विचारलं, समजा जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं, तर? तेव्हा 48.6 दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी 55.5. म्हणजे सर्वनाशाची कल्पना करतानाही या मुलांनी सर्वनाशाला आठवडाभर सवलतच दिली. घरकामाचा पुरावा पाहिजे असेल तर 2002 मध्ये अमेरिकेत स्वयंपाकघराचं नूतनीकरण केलेल्या घरमालकांची पाहणी झाली होती. त्यांचा अंदाज सरासरी 18,658 डॉलरचा होता आणि खिशातून गेले 38,769. तिकडचा मिस्त्री काही आपल्या नाक्यावरचा नव्हता, तरी गुणाकार दोनानेच झाला.

आता पुन्हा त्या खड्ड्याकडे. बाथरूमचं काम नेमकं कुठे अडतं ते जवळून पाहिलं तर मिस्त्रीवरचा राग निम्मा उतरतो. जुन्या लाद्या फोडायच्या, तर कित्येक सोसायट्यांत दुपारी दोन ते चार हातोडा बंद. निघालेलं डेब्रिज गोण्यांत भरायचं, पण ते लिफ्टने न्यायला वॉचमनची हरकत, आणि वॉचमन म्हणतो सेक्रेटरीला विचारा. सेक्रेटरी गावाला. लाद्या निघाल्या की नहाणी ट्रॅप उघडा पडतो आणि तो तडकलेला असतो. तो बदलायचा तर प्लंबर हवा. प्लंबर हा मिस्त्रीचा लांबचा मेव्हणा असतो आणि तो तेव्हा डोंबिवलीत दुसरी साइट करत असतो. प्लंबर येऊन गेला की वॉटरप्रूफिंग, त्यावर विटांचे तुकडे घालून कोबा, आणि मग पाणी भरून ठेवायचं. खालच्या मजल्यावर ओल येते का, ते पाहण्यासाठी काही दिवस सगळ्यांनी नुसतं त्या तळ्याकडे बघत बसायचं. ते झालं की नव्या लाद्या बसू लागतात आणि नेमक्या चार कमी पडतात. दुकानात तोच नंबर मिळतो, पण लॉट वेगळा निघतो, त्यामुळे रंगात चहा आणि दुधाळ चहा इतका फरक. शेवटी दारामागे बसवा, दिसणार नाही, असा तह होतो. या सगळ्यात हत्यार हातात धरून काम किती दिवस झालं, हे मोजून बघावं. चारच दिवस झालेलं असतं. मिस्त्रीचे चार दिवस खरे असतात, फक्त ते सलग नसतात. तो काम मोजतो आणि आपण कॅलेंडर मोजतो. मधली वाट बघणं कुणीच मोजत नाही, कारण ते कुणाचंच काम नसतं.

हे मिस्त्रीला ठाऊक नाही असं थोडंच आहे? वीस-वीस वर्षं बाथरूम फोडलेली माणसं ती. पण समजा एखाद्या सत्यवचनी मिस्त्रीने सांगितलं, 'साहेब, वीस दिवस धरा. त्यात आठ दिवस मी येणारच नाही, प्लंबर एकदा फसवेल आणि लाद्यांसाठी तुम्हाला दोनदा दुकानात जावं लागेल.' या माणसाला काम कोण देईल? आपण त्याला अदबीने चहा पाजू, 'कळवतो' म्हणू आणि चार दिवसांवाल्याला फोन लावू. वर त्याला ऐकवू की पलीकडच्या विंगमध्ये तर तीन दिवसांत झालं. तेही खोटंच असतं, पण घासाघीस करताना तसं बोलायची रीत आहे. अशा रीतीने वीस दिवस सांगणाऱ्या मिस्त्रींचं वाण बाजारातून हळूहळू नाहीसं झालं आणि चार दिवसांवाले तेवढे टिकले. आपणच निवडून निवडून तयार केलेली ही जात आहे, आणि तिच्या स्वभावाबद्दल आपणच तक्रार करतो.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो. मग याला सरळ धंद्यातली लबाडी म्हणा की, मानसशास्त्राची झालर कशाला? लबाडी असती तर ती जिथे गिऱ्हाईक नाही तिथे दिसली नसती. दिवाळीच्या आधीच्या रविवारी 'आज माळा उरकून टाकू, दोन तासांचं काम' असं माणूस स्वतःशी म्हणतो, तेव्हा त्याला कुणाचं कंत्राट मिळवायचं असतं? दोन तासांनी तो माळ्यावरच्या 1987 सालच्या दिवाळी अंकात मान घालून बसलेला असतो आणि हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. कमरेला टॉवेल असताना फोनवर 'निघालोच' म्हणणारा माणूसही कुणाला गंडवत नाही. मनाने तो खरोखरच रस्त्याला लागलेला असतो, शरीराने तेवढं साथ द्यायचं बाकी असतं. ऐकणाऱ्यालाही हे पुरतं ठाऊक असतं, कारण तोही अजून अंघोळीलाच चाललेला असतो.

प्रवासात तर हा रोग पिढीजात आहे. गणपतीला मुंबईहून कोकणात गाडीने जाणाऱ्या घरात आदल्या रात्री जी परिषद भरते ती ऐकण्यासारखी असते. पहाटे चारला निघायचं, सातला नाश्ता माणगावला, दुपारी जेवायला घरी. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम 2011 पासून चाललं आहे आणि पुरं होण्याच्या तारखा इतक्या वेळा जाहीर झाल्या आहेत की आता त्या तिथींसारख्या ऐकल्या जातात. गेल्या वर्षी किती तास लागले, हे त्या परिषदेतल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. पण ते हिशेबात धरलं जात नाही, कारण गेल्या वर्षी वडखळला काहीतरी कोंडी होती, त्याच्या आदल्या वर्षी घाटात ट्रक आडवा झाला होता आणि त्याच्या आदल्या वर्षी आत्याला गाडी लागत होती. प्रत्येक उशिराला त्याचं स्वतंत्र, सन्माननीय कारण असतं. यंदा ट्रक उलटणार नाही आणि आत्या ट्रेनने येणार आहे, तेव्हा यंदा वेळेवर पोहोचणारच. वर उल्लेख केलेल्या संशोधकांनाही नेमकं हेच आढळलं : जुने उशीर माणसं विसरत नाहीत, त्यांना अपवादाच्या खात्यात टाकून मोकळी होतात.

दुसरा आक्षेप इंजिनिअर लोकांचा असतो. त्यांचं म्हणणं, अंदाज चुकतो ना, मग वर थोडे दिवस टाका. उपाय सोपा आहे, आणि तो प्रामाणिकपणे अमलात आणणारं एक खातं आपल्याकडे आहे, ते म्हणजे रेल्वे. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात सढळ हाताने जादा मिनिटं टाकलेली असतात. दादर ते सीएसएमटी हे जेमतेम नऊ किलोमीटर, पण मेल-एक्स्प्रेसला तेवढ्यासाठी इतका वेळ दिलेला असतो की वाटेत साचलेला उशीर तिथे जिरून जावा. कोकण रेल्वे तर पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रकच काढते. दरडी कोसळू शकतात, म्हणून गाड्या हळू चालवणार, म्हणून जास्त वेळ लागणार. इतकं सरळ, इतकं छापील. याबद्दल प्रवाशांनी कृतज्ञ असायला हवं. प्रत्यक्षात बॅगा दाराशी आणून उभा असलेला प्रवासी सीएसएमटीच्या अलीकडे खोळंबलेल्या गाडीतून बाहेर बघत म्हणत असतो, 'एवढा वेळ कशाला लागतो रे याला?' खरा अंदाज सांगणाऱ्याच्या वाट्याला एवढंच येतं.

ऑफिसात वाढीव दिवसांचं काय होतं ते सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1955 मध्येच 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहून ठेवलं आहे : जितका वेळ द्याल तितकं काम फुगतं. त्यांच्या लेखात एक निवांत म्हातारी बाई भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात अख्खा दिवस घालवते. आपल्याकडे त्या बाईला टीम लीडर म्हणतात. पंधरा दिवसांचा रिपोर्ट महिनाभरात मागितला, तर पहिले सत्तावीस दिवस 'फॉरमॅट फायनल होऊ दे' यात जातात आणि काम उरलेल्या तीन दिवसांत होतं. बरं, साहेबालाही हे माहीत असतं, म्हणून तो शुक्रवारी हवा असलेला रिपोर्ट बुधवारी मागतो. खालच्यालाही माहीत असतं की बुधवार म्हणजे शुक्रवार, म्हणून तो सोमवारी देतो. दोघांनी आपापल्या परीने सावधगिरी बाळगलेली असते आणि क्लायंट मंगळवारी फोन करतो.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बाथरूम ठीक आहे, पण पूल आणि रस्ते? वांद्रे-वरळी सागरी सेतूची पायाभरणी 1999 ची. पाच वर्षांत आणि सुमारे 660 कोटींत होईल असा हिशेब होता. तो खुला झाला 2009 मध्ये, खर्च सुमारे 1,600 कोटी. यावर अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1967 मध्ये एक गोड उत्तर दिलं होतं. त्यांचं म्हणणं, अडचणी आधी दिसत नाहीत हेच बरं, दिसल्या असत्या तर माणसाने कामाला हातच घातला नसता, आणि एकदा हात घातला की तो डोकं चालवून वाट काढतो. त्यांचा दाखला कर्णफुलीच्या कागद गिरणीचा, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातला. गिरणी ज्या बांबूच्या जंगलाच्या भरवशावर उभारली, तो बांबू फुलला आणि मेला. बांबू फुलला की मरतो, हे आपल्याकडे कुठल्याही डोंगरकाठच्या म्हाताऱ्याने सांगितलं असतं. मग धावपळ करून नद्यांच्या वाटेने दूरदूरचा बांबू गोळा करण्याची व्यवस्था बसवली गेली आणि गिरणी वाचली. कथा उत्तम आहे, पण एका गिरणीवरून साऱ्या जगाला पास करता येत नाही. बेंट फ्लुबर्ग आणि कॅस सन्स्टीन यांनी 2016 मध्ये दोन हजारांहून अधिक प्रकल्प तपासले, तेव्हा बहुतेक ठिकाणी खर्च वाढला तो वाढलाच, वर फायदाही सांगितल्यापेक्षा कमी निघाला. म्हणून माझी सहानुभूती बाथरूमच्या उंबरठ्याशी थांबते. आकडा सांगणारा आणि मागणारा या दोघांनाच जेव्हा वीस दिवस शेजारच्यांकडे अंघोळीला जावं लागतं, किंवा पैशासाठी थांबावं लागतं, तेव्हा त्यांची ती आपसातली लाडीगोडी आहे, चालू द्यावी. सांगणारा एक, मान डोलावणारा दुसरा आणि खड्ड्यातून वर्षानुवर्षं गाडी हाकणारा तिसराच, असं असेल तर तिथे मानसशास्त्राचा आडोसा कुणाला देऊ नये. त्यांना अंदाजपत्रकाची फाइल काढायला लावावी.

राहता राहिला एकच आशावाद : माणसाला हे सगळं समजलं की तो सुधारेल. याची परीक्षा खुद्द कानेमान यांच्यावरच झाली. सत्तरच्या दशकात इस्रायलच्या शिक्षण मंत्रालयासाठी ते एका मंडळात बसून शाळेचं पाठ्यपुस्तक तयार करत होते. विषय होता, निर्णय नीट कसे घ्यावेत. पुस्तक कधी होईल, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी चिठ्ठ्यांवर साधारण दोन वर्षं लिहिलं. मग मंडळातल्या अभ्यासक्रमाच्या जाणकाराला विचारलं की अशा इतर मंडळांना किती वेळ लागतो. स्वतःही दोनच वर्षं लिहिलेला तो गृहस्थ जरा ओशाळला आणि म्हणाला, सात ते दहा वर्षं, आणि शंभरातल्या चाळिसांचं तर कधी पुरंच होत नाही. आपलं मंडळ त्यांच्यापेक्षा चांगलं आहे का? किंचित कमीच. काही मिनिटं खोलीत चुळबुळ झाली, थोडी चर्चा झाली, आणि मंडळी जणू काही घडलंच नाही अशी पुढच्या मुद्द्याकडे वळली. पुस्तक आठ वर्षांनी तयार झालं. तोवर कानेमान देश सोडून गेले होते, मंत्रालयाचा उत्साह मावळला होता, आणि ते कुठल्याही वर्गात कधी शिकवलं गेलं नाही.