अध्याय चौथा, प्रून शंभर ग्रॅम

पाळी गेली तेव्हा 'सुटले एकदाची' म्हणून मी नणंदेला पेढे दिले होते. पुढे डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला आणि कळलं, की इस्ट्रोजेन जाताना हाडांची राखणही सोडून गेलंय. टी-स्कोअर उणे १.८. उणे १च्या खाली हाडं विरळ, उणे २.५ला ठिसूळ. म्हणजे मी मधल्या बाकावर. शाळेतही तिथेच बसायचे. डॉक्टरांनी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि वजनं उचलायचा व्यायाम सांगितला. मला गोळ्यांपर्यंतच ऐकू आलं.

व्यायामाला पर्याय शोधताना प्रून, म्हणजे सुकवलेले आलुबुखार, सापडले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीने पाळी गेलेल्या २३५ बायकांचे तीन गट केले होते: एका गटाला रोज ५० ग्रॅम प्रून, दुसऱ्याला १००, तिसऱ्याला शून्य. वर्षभराने शून्यवालींची खुब्याची घनता साधारण १.१ टक्क्याने घटली, पन्नासवालींची बरीचशी टिकली. हे २०२२ साली छापून आलं. कारणही पटण्यासारखं आहे. इस्ट्रोजेन आटलं की रोगप्रतिकारक पेशी विनाकारण खवळतात, दाह वाढवणारी रसायनं सोडतात आणि त्यांनी हाड कुरतडणाऱ्या पेशींना जोर चढतो. प्रून खाणाऱ्यांच्या रक्तातल्या पेशी त्यामानाने शांत दिसल्या. (अभ्यासाला कॅलिफोर्नियाच्या प्रून मंडळाचे पैसे होते, हे मी दुसऱ्या वाचनात पाहिलं. पहिलं वाचन गवार मोडता मोडता झालं होतं.)

पन्नासाने हाड टिकतं, तर शंभराने वाढेलच, हे गणित मात्र माझं स्वतःचं.

मुहूर्तही मीच निवडला. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाची सत्यनारायणाची पूजा होती, संध्याकाळपर्यंत उपास. आता सुकामेवा उपासाला चालतो, आणि प्रून हा सुकामेवाच. दिवसभर येता-जाता तोंडात टाकत राहिले. वर दोनदा दूध घेतलं, कारण कॅल्शियम.

शंभर ग्रॅम प्रूनमध्ये साधारण १५ ग्रॅम सॉर्बिटॉल असतं. ही साखर आतड्यात नीट शोषली जात नाही; तिथेच बसून पाणी ओढून घेते. तिने पूजेच्या कथेच्या पहिल्या अध्यायात नुसती चाहूल दिली. दुसऱ्यात मी मांडी बदलली. तिसऱ्यात शेजारच्या काकूंनी 'गॅस बंद केलास ना गं?' असं विचारलं आणि मला दचकायला झालं. चौथ्या अध्यायात कलावती प्रसाद न घेताच उठून धावली, नवऱ्याची नौका बुडाली, असं गुरुजी वाचत होते, आणि नेमकी तेव्हाच मी उठले.

उठले, पण जाता येईना. वाढदिवस म्हणून गुरुजींनी हौसेने माझ्या पदराची आणि ह्यांच्या उपरण्याची गाठ मारली होती. दाराशी मी, मागे ओढले गेलेले हे, त्यामागे पाट. शेवटी ह्यांनी उपरणंच सोडून दिलं. ते घेऊन मी आत गेले. पाचवा अध्याय दाराआडून ऐकला. गुरुजींनी आवाज चढवून वाचला, त्यांचे आभार. 'अगं, आनंदाने गहिवरली असेल,' असं सासूबाई पाहुण्यांना सांगत होत्या.

रात्री ह्यांनी तो अभ्यास पूर्ण वाचला. रोज १०० ग्रॅमच्या गटातल्या ४१ टक्के बायका मध्येच सोडून गेल्या होत्या. पन्नासच्या गटातल्या १५ टक्केच. शिवाय मणक्याच्या हाडात कुठल्याच गटाला फरक पडलेला नव्हता.

तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या मैत्रिणींनो, डॉक्टरांना विचारून डेक्सा करून घ्या, वजनं उचला, त्याला पर्याय नाही. प्रून आवडत असतील तर एक-दोनपासून सुरुवात करून पाच-सहांवर थांबा. तेवढे म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण साखर त्यात भरपूर असते. आणि त्या ४१ टक्के बायका नेमक्या कुठे गेल्या, हे मात्र मला विचारू नका.