सशाने आखलेली काशी

आमच्या पुण्याच्या आत्याला काशी करून आल्यापासून दुसरं कुठलंच तीर्थ पुरत नाही. नाशिकला गोदावरी अरुंद, पंढरपूरला चंद्रभागा उथळ. अशी बाई ऐन चैत्रात चंद्रपूरला आली आणि म्हणाली, "तुमच्याकडचं जे काय असेल ते दाखव."

चैत्रात आमच्याकडे महाकालीची यात्रा असते आणि ऊनही. दोन्हींना बाहेरगावची माणसं घाबरतात. नांदेडकडचे भक्त मात्र झरपट नदीत अंघोळ करून, हलगी वाजवत थेट देवीकडे निघतात.

"नदी कुठाय?" आत्यानं विचारलं.

"आपण तिच्याच पुलावर उभे आहोत."

"काशीला चौऱ्याऐंशी घाट आहेत," ती पुलाच्या कठड्याला म्हणाली.

मग रिक्षात बसल्यावर मी आमच्या गावाची कथा काढली. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा. अंगभर गाठी, कुठल्याच औषधाला दाद नाही. शिकारीत तहान लागली म्हणून कोरड्या झरपटेतल्या एका खळग्यातलं पाणी प्याला, तोंड धुतलं, आणि गाठी गेल्या! तिथंच अंचलेश्वराचं देऊळ. पुढे त्याच राजाच्या कुत्र्याच्या मागे एक ससा लागला. बरोबर ऐकलंत, ससा कुत्र्याच्या मागे. राणी म्हणाली, ही जागा पराक्रमी, ससा धावला तिथून कोट बांधा.

"म्हणजे गावाचा नकाशा सशानं काढला?"

"हो जी," रिक्षावाला मध्येच म्हणाला, "आनि आमी अजून त्याच्याच मागं फिरून राह्यलो." जटपुरा गेटच्या कोंडीत आम्ही बराच वेळ उभे होतो, त्यामुळे त्याचं म्हणणं खोडता येईना.

कोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. त्यातल्या चोर खिडकीनं आत्या खूश झाली. "चोरांना वेगळी वाट! पुण्यात सगळे एकाच दारानं येतात." मसण खिडकीबद्दल तिनं काही विचारलं नाही, वय झालं की माणूस प्रश्न निवडून विचारतो.

अंचलेश्वराजवळ बीरशहा राजाची समाधी आहे, त्याच्या राणीनं, हिराईनं बांधलेली. महाकालीचं देऊळही तिनंच नव्यानं उभारलं. नवऱ्यानं बायकोसाठी बांधलं तर जग आग्र्याला जातं. बायकोनं नवऱ्यासाठी बांधलं तर तिथं सावलीला शेळ्या बसतात. आत्यानं समाधीला चक्क हात जोडले. दिवसभरात काशीचं नाव न निघालेली ही एकच जागा.

महाकालीच्या देवळात देवीचं एक रूप उभं, दुसरं खाली भुयारात आडवं. तिथं वाकूनच जावं लागतं. काशीत ताठ मानेनं फिरलेली आत्या इथं कमरेत दुमडली आणि बाहेर आल्यावर पाणी आणि मी, दोघांवरही तुटून पडली.

शेवटी लालपेठेकडच्या रायप्पाच्या अपुऱ्या मूर्ती. रायप्पा वैश्यानं प्रचंड शिळांतून देव घडवले. देऊळ काही झालं नाही. त्यातली दहा तोंडांची दुर्गा उघड्यावर आडवी आहे. दहा तोंडं मोजून लोकांनी तिला रावण करून टाकलंय.

आत्यानं पदर डोक्यावर ओढला, मूर्तीभोवती चालून आली. "भुयारातली निजलेली, ही निजलेली. तुमच्याकडच्या देव्यांना झालंय काय?"

रिक्षावाल्यानं रुमाल पिळला. "उन्हात उभं राहून पाहा ना, माय."

आत्या रिक्षात जाऊन बसली.