पंच्याहत्तर वॅटचा माणूस

मिक्सर फिरला नाही, हे आधीच कबूल करतो. पण वीजच झाली नाही ही सोसायटीतली बातमी साफ खोटी. झाली. १४.२ व्होल्ट. मल्टिमीटरचा फोटो मी अडतीस जणांना पाठवला. एका काकूंचंच उत्तर आलं, "हिमोग्लोबिन छान आहे हं."

मोटर जुन्या बाजारातली, विजेवरच्या कुठल्याशा स्कूटरमधून निघालेली, २४ व्होल्टची. वीज दिली की फिरते, आपण फिरवली की वीज देते. हे फॅरेडेनं १८३१ सालीच दाखवून ठेवलंय, पण त्या रविवारी मला ते माझंच वाटलं. सायकलच्या मागच्या चाकाचा टायर उतरवला आणि उघड्या रिमवरून मोटरच्या पुलीवर पट्टा चढवला. पायडल मिनिटाला ६०, मोटर १६००. पट्टा म्हणजे आईच्या शिलाई मशीनची चामडी वादी. आखूड पडली म्हणून तिला तुकडा जोडला. आईला विचारलं नव्हतं.

बॅटरी जोडून अर्धा तास घाम गाळला आणि उतरलो. चाक फिरतच राहिलं! पाच मिनिटं झाली तरी फिरतंय. मी शेजाऱ्यांना बोलावून आणलं. "ही शिल्लक आहे," मी म्हणालो, "आत साठलेली." शेजाऱ्यांचा मुलगा आठवीत आहे. तो म्हणाला, "काका, डायोड नाही लावला? बॅटरी मोटर चालवतेय." माझा अर्ध्या तासाचा घाम माझ्या डोळ्यांदेखत चाक परत पीत होतं.

खरं तर हा नाद डायनमोचा. बाटलीसारखा, ६ व्होल्ट, ३ वॅट. त्याची मान खटकन टायरवर पाडली की गुर्रर्र व्हायचं आणि पायडल जड. उतारावर मोटारीचा उजेड, चढावर काजवा, आणि पोलीस उभा असेल त्या चौकात थांबलं की मिट्ट काळोख. 'बिनदिव्याची सायकल' म्हणून धरलं की मी मागचं चाक उचलायचो आणि हातानं पायडल गरगर फिरवून दिवा लावून दाखवायचो. एका हवालदारांना ते फार आवडलं. "फिरव, फिरव, थांबू नकोस," म्हणाले, आणि त्या उजेडात त्यांनी माझी पावती फाडली. माझ्या विजेचा पहिला सार्वजनिक उपयोग तो.

असो. मिक्सर ७५० वॅटचा. टूर द फ्रान्सवाले चारशेच्या आसपास तग धरतात. मी, पाठीला पट्टा बांधून, पंच्याहत्तर. म्हणजे एक युनिट करायला तेरा तासांवर पायडल, आणि तेच युनिट भिंतीतून दहा-बारा रुपयांत येतं. हा हिशेब मी बायकोला सांगितला नाही. इन्व्हर्टरनं सांगितला. एकदाच कुईं केलं आणि गप्प. चटणी पाट्यावर झाली.

संध्याकाळी आई वादी शोधत आली. सायकलकडे बघून म्हणाली, "किती होते रे वीज?"

"एक पंखा चालेल."

"बसून बसून?"

त्या 'बसून बसून'नं मला खरं तर राग आला. मग आठवलं. मी इंजिनिअरिंगला असताना ती रात्री एक-एक वाजेपर्यंत ब्लाउज शिवायची. पायाखालची लोखंडी जाळी खडखडायची आणि मी आतल्या खोलीतून ओरडायचो, "आई, आवाज! उद्या पेपर आहे!" की जाळी हळू व्हायची. थांबायची नाही. पेपर विद्युतयंत्रांचा होता आणि त्याची फी त्या जाळीतूनच आली होती.

"वादी काढून दे," ती म्हणाली. "शेजारणीच्या परकराची कड राहिलीय."

काढून दिली. जोडलेला तुकडाही सोडवला. तिनं ती चाकावर चढवली, जाळीवर पाय ठेवले, सुईशी वाकली.

"तो तुझा बॅटरीवरचा दिवा आण. आणि नीट धर, दोरा दिसत नाहीये."

मी दिवा धरून उभा राहिलो. कड संपायला वीस मिनिटं लागली. तेवढी वीज झाली होती.