काहीतरी घडलं

२०१५ साली विंडोज १० बसवू पाहणाऱ्या काहींच्या पडद्यावर एक चौकट उगवली. शीर्षक: ‘काहीतरी घडलं’. खाली सविस्तर खुलासा: ‘काहीतरी घडलं’. इतका आटोपशीर पंचनामा आजवर कुठल्या हवालदारालाही जमलेला नाही.

ऑफिसांच्या वाट्याला मात्र एररचे आकडे येतात. सी१९००१०१ दिसला, की बहुधा एखादा ड्रायव्हर आडवा आलेला असतो. अधिकृत उपाय असा: कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून जोडलेलं सगळं उपसून काढा. मग प्रिंटर निघतो, स्कॅनर निघतो आणि सीपीयूच्या पाठीमागून साहेबांच्या मोबाईलची चार्जिंगची वायरही निघते.

पण खरी कमाल जानेवारी २०२४ मधली. डिस्कला लावलेलं बिटलॉकरचं कुलूप चुकवता येईल अशी फट बुजवायला विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हे अपडेट आलं आणि असंख्य संगणकांवर ८००७०६४३ म्हणत आडवं झालं. कारण साधं होतं: डिस्कवर दुरुस्तीसाठी राखलेल्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी जागा मोकळी नव्हती. ते पार्टिशन बहुतेक ठिकाणी विंडोजच्याच इन्स्टॉलरने आखलेलं! शिवाय जागा अपुरी असल्याचं सांगायचं सोडून पडद्यावर नुसतंच ‘इन्स्टॉल फसलं’. चुकीचा संदेश दिसतोय, हे मायक्रोसॉफ्टनेही मान्य केलं आणि काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून पार्टिशन स्वतः वाढवण्याची कृती छापली. पगारपत्रकं करणाऱ्या बाईंनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

ज्यांच्या संगणकात ते पार्टिशनच नव्हतं, त्यांनाही ८००७०६४३ दिसला. त्यांना या अपडेटची गरजच नव्हती.