भंगाराचा भाव

1960च्या दशकात अमेरिकेत सीअर्सच्या कॅटलॉगमधून पोरासाठी सिल्व्हरटोनची गिटार मागवली, तर तिच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला यायचा. जेमतेम काही वॅटचा, स्पीकर वाटीएवढा. बापाची अपेक्षा एवढीच, की शेजारी भांडायला येऊ नयेत.

आज असले डबे स्टुडिओत मानाने मांडतात. कारण खोटं नाही, हेही सांगून टाकतो: छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर थोडक्या आवाजातच घुसमटतो आणि ती घुसमट मायक्रोफोनला गोड लागते. 1970 साली मायामीत ‘लैला’ या रॉक गाण्यातल्या गिटारचं ध्वनिमुद्रण झालं ते फेंडरच्या चॅम्प या चिमुकल्या अ‍ॅम्प्लिफायरवर. तेव्हापासून माळ्यावरचा प्रत्येक चॅम्प लैला झाला, निदान विकणाऱ्याच्या लेखी. घरघर असेल तर ‘व्यक्तिमत्त्व’, स्पीकर फाटका असेल तर ‘पोत’, आणि किंमत त्या हिशेबाने.

काही स्वस्त मॉडेलांत तर पैसे वाचवायला पॉवर ट्रान्सफॉर्मरच गाळलेला असे. बिघाड झाला की वीज थेट वादकाच्या हातात. म्हणून शहाणे लोक आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घेतात, मग वाळलेले कपॅसिटर बदलून घेतात, मग समोर महागडा मायक्रोफोन लावतात. एवढा खर्च केला की आवाज अगदी हवा तसा स्वस्त येतो.