वायफाय कार्डास अनावृत पत्र

प्रति,
सन्माननीय वायफाय कार्ड,
मु. जुना लॅपटॉप, कामोठे, ता. पनवेल

स. न. वि. वि.

आपण आमच्या लॅपटॉपात नऊ वर्षे बिनभाड्याने राहत आहात. विंडोज 10 होती तोवर तक्रार नव्हती. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा आधार काढला. विंडोज 11ने आमचा प्रोसेसर म्हातारा म्हणून दारातूनच परत पाठवला. भाच्याच्या सांगण्यावरून डेबियन लिनक्स टाकले. आवाज आला, टचपॅड चालले, कॅमेऱ्यानेही तोंड दाखवले. आपण तेवढे गायब.

एलएसपीसीआय ही हार्डवेअरची यादी दाखवणारी कमांड चालवली. यादीत आपले नाव, क्रमांक, सगळे व्यवस्थित. फक्त वापरातल्या ड्रायव्हरची ओळ नाही. बिल्डिंगच्या बोर्डावर नाव आहे, बेल वाजवली तर दार कोणी उघडत नाही, तसेच.

डेबियनवाल्यांनी तरी आपले किती लाड करायचे? त्यांनी 2022 साली मतदान घेऊन तत्त्वाला मुरड घातली आणि 2023च्या डेबियन 12पासून बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच ठेवले. आपले त्याने भागेना. आपल्याला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर हवा. तो नेटवरून उतरवायचा, आणि घरातले नेट म्हणजे आपणच!

शेवटी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केले. कर्नलचे हेडर आणले, डीकेएमएसने आपल्या ड्रायव्हरचे मोड्यूल बांधले. तर सिक्युअर बूट आडवा आला: सहीशिवाय मोड्यूल आत सोडणार नाही. आमचा वॉचमन कुरियरवाल्यालाही इतके अडवत नाही. रीस्टार्ट करून निळ्या पडद्यावर सहीची किल्ली नोंदवली, पासवर्ड दिला, तेव्हा कुठे आपण डोळे उघडलेत. रविवारची मच्छी आणायची राहिली ती राहिलीच.

लोक मात्र नावे लिनक्सला ठेवतात. अहो, कर्नलच्या निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरच्याच आहेत. आपलाही लिहायला माणसे तयार होती. आपल्या कंपनीने चिपची कागदपत्रेच दाबून ठेवली. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने 2012 साली फिनलंडात एका ग्राफिक्स चिपवाल्या कंपनीला भर सभेत मधले बोट दाखवले होते. तेव्हा मला ते असभ्य वाटले होते.

परवा कर्नल अपडेट झाले. नव्या कर्नलवर आपले मोड्यूल बांधले गेले नाही आणि आपण पुन्हा अंतर्धान पावलात.

हे पत्र मोबाइलच्या केबलवरूनच धाडत आहे.

आपला,
एक त्रस्त घरमालक