रेडिओतला क्लोज-अप

रेडिओच्या जाहिरातीत क्लोज-अप मागणारा माणूस मला वाटलं होतं जगात एकच असेल. पुढे कळलं की मास कॉमच्या प्रत्येक बॅचमध्ये असा एक नमुना निघतोच. आमच्या गटातला आपणहून दिग्दर्शक झाला. ठराव नाही, मतदान नाही. कामं वाटायला बसलो तेव्हा सांगलीच्या मुलीने लिखाण घेतलं, एकाने एडिटिंग, एकाने आवाज, मी सामानसुमान, हा खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "मी ओव्हरऑल बघतो." आणि खरोखरच शेवटपर्यंत बघत राहिला.

काम होतं छत्रीच्या दुकानाच्या 30 सेकंदांच्या जाहिरातीचं. मॅडमनी वर्गात आधीच बजावलं होतं: 1 नोव्हेंबर 1967 ला विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या, तेव्हापासून इथे सेकंदाला पैसे पडतात, तेव्हा पाल्हाळ नको. 30 सेकंदांत मराठीचे 70-75 शब्द मावतात आणि त्यातच दुकानाचं नाव दोनदा यायला हवं. दिग्दर्शकांनी दुसऱ्या दिवशी स्वतःचं स्क्रिप्ट आणलं. 'पहाट. सह्याद्रीच्या रांगा. धुकं. ड्रोन हळूहळू खाली येतो. एक लाल छत्री. क्लोज-अप. स्लो मोशन.' बोलायला शब्द एकच होता, तोही शेवटी: 'पाऊस!'

"अरे, रेडिओ आहे हा," सांगलीकरीण म्हणाली.

"म्हणूनच. ऐकणाऱ्याला दिसलं पाहिजे."

यावर कुणालाच बोलता येईना, कारण मॅडमनीही अगदी हेच सांगितलं होतं. अशा माणसांची हीच पंचाईत असते. ती सदासर्वदा चुकीची नसतात, त्यामुळे त्यांना हाकलून देता येत नाही.

रेकॉर्डिंग हॉस्टेलच्या खोलीत. खिडक्या बंद, पंखा बंद, टेबलावर दोन गोधड्यांचा तंबू आणि तंबूत माइकसमोर घामाघूम झालेला आमचा आवाजवाला. दिग्दर्शक अर्थातच तंबूबाहेर, गळ्यात हेडफोन. कानाला नाही, गळ्यात. सांगलीकरणीच्या साध्यासुध्या ओळी बाजूला सारून त्याने स्वतःची ओळ घुसवली होती: 'पहिल्या पावसाच्या पहिल्या पायवाटेवर...' माइकला 'प' सोसत नाही; ओठांतून सुटलेली हवा थेट त्याच्यावर आदळते. त्या एका वाक्यात दिवाळीच्या लवंगी माळेसारखा आवाज झाला. आवाजवाल्याने तोंड माइकच्या जरा तिरकं धरलं, माइकवर पायमोजा चढवला (धुतलेला होता, असं त्याचं म्हणणं), तेव्हा कुठे पायवाट शांत झाली.

मग पाऊस. दिग्दर्शकांना अस्सल हवा होता. नशिबाने त्याच संध्याकाळी तो आला, म्हणून आम्ही गॅलरीत मोबाइल धरला. ऐकलं तर नुसती खरखर, जणू स्टेशनच लागत नाहीये. खरा पाऊस रेडिओवर पाऊस वाटत नाही, हे ज्ञान आम्हाला तिथे भिजून मिळालं. शेवटी मेसच्या मावशींकडून वाटीभर तांदूळ आणले आणि स्टीलच्या ताटात उंचावरून हळूहळू सोडले. सगळ्यांनी माना डोलावल्या. दिग्दर्शक डोळे मिटून ऐकत होते.

"हा कोलम आहे का?"

"हो. का?"

"पुण्याची भुरभुर वाटतेय. मला कोकण हवंय. काहीतरी जाड घ्या."

मी पुन्हा मावशींकडे. त्यांनी हरभरे काढून दिले आणि बजावलं, "बाळा, मोजून दिलेत, मोजून आण." हरभऱ्यांनी कोकण सोडाच, सरळ गारपीट झाली. अखेर जाडा उकडा तांदूळ पास झाला. छत्री उघडण्याचा आवाज मात्र खऱ्या छत्रीचा कामाला येईना. माइकजवळ ती टायर फुटल्यासारखी वाजे. ओला टॉवेल झटकल्यावर हवी तशी छत्री उघडली. एडिटिंगवाला पहाटेपर्यंत लॅपटॉपवर श्वास कापत, खोकला पुसत, एकेक सेकंद वाचवत बसला होता. दिग्दर्शक शेजारच्या कॉटवर झोपेत मध्येच म्हणाले, "फेड आउट स्लो."

वर्गात जाहिरात वाजली. तांदूळ पडला, टॉवेल उघडला, दुकानाचं नाव दोनदा आलं, बरोबर तिसाव्या सेकंदाला संपली. मॅडम खूश. त्यांनी मुलांना सहज विचारलं, "कुणाकुणाला छत्री दिसली?" बरेच हात वर झाले. दिग्दर्शकांचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

"कुठल्या रंगाची?"

"काळी!" सगळा वर्ग एका सुरात.

त्या दिवशी तो कँटीनला आला नाही.

प्रकल्पानंतर प्रत्येकाने 'मी काय शिकलो' यावर लिहून द्यायचं होतं. आमची अर्धी-अर्धी पानं झाली: पंखा, पायमोजा, उकडा तांदूळ. सांगलीकरणीने तर हिशेबच लिहिला, कुठल्या ओळीला किती सेकंद गेले आणि दिग्दर्शकांच्या पायवाटेने किती खाल्ले. त्याचा निबंध सगळ्यांत जाड. त्यात तांदळाचा उल्लेख नव्हता, गोधड्यांचा नव्हता, आमचाही ओझरताच होता ('टीमने सहकार्य केले'). शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'श्रोत्यांची रंगदृष्टी अद्याप विकसित झालेली नाही.'

मॅडमनी त्या वाक्याखाली लाल पेनाने जोरदार रेघ ओढून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. तो कागद घेऊन तो आठवडाभर सगळ्यांना दाखवत फिरत होता.

"बघ," तो त्या रेघेवर बोट ठेवून म्हणायचा, "त्यांना बरोबर दिसली होती. लाल."